भावजी परत आले तो आठवडा

चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत ताईने बायबलचं शास्त्रवाचन करायचं ठरलं होतं, आणि नेमके त्याच आठवड्यात तिचा नवरा, माझे भावजी, परत आले.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी दारूच्या नशेत इस्त्री चालूच ठेवली होती. आमची निम्मी लाँड्री जळाली आणि उजाडायच्या आत भावजी पसार झाले. गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली ती ताईने आणि मी. आता ते व्यसनमुक्ती केंद्रातून थेट दुकानाच्या दारात आले होते, खांदे पाडून.

"घरी येऊ का?"

"बघते," ताई म्हणाली आणि एकच चादर पुन्हापुन्हा घडी घालून मोडत राहिली.

संध्याकाळी ती रविवारचा अध्याय काढून बसली. संदेष्टा आपल्याच लोकांवर बरसत होता. शहर पडेल, तुम्हाला परक्या मुलखात नेतील. ताईला चेव चढला. "करावं तसं भरावं!" मग पान उलटलं आणि ती अडखळली. तोच देव आता म्हणत होता, मी यांना परत आणीन, पुन्हा वसवीन.

"अगं, आत्ता तर झोडपत होता! राग खरा की माया खरी?"

"मला काय विचारतेस? माझंच डोकं गरगरतंय."

दुसऱ्या दिवशी चर्चचे पाळकसाहेब धुवायला दिलेला झगा न्यायला आले, तेव्हा ताईने त्यांनाच धरलं. "यात मी कोण? शिक्षा देणारी की भोगणारी?"

"खरं सांगू? मलाही नीट उलगडलेलं नाही," ते म्हणाले. "शिक्षा टळली नाही, लोक गेलेच. पण देवाने नातं तोडलं नाही. परतायला मात्र त्यांचा जन्म गेला."

"म्हणजे यांना घरात घेऊ?"

"तसं मी कुठे म्हटलं?"

"मग काय म्हटलंत?"

पाळकसाहेब इतके गांगरले की झगा विसरूनच निघाले. मला मागे धावावं लागलं.

रविवारी भावजी शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. कोपाच्या ओळी ताईने हळू आवाजात वाचल्या. 'परत आणीन' या वचनाशी येऊन मात्र ती थांबली. कुणीतरी खाकरलं. मग तिने वाचलं, पण असं, जणू तिला वाचायला नव्हे, सही करायला उभं केलंय.

बाहेर येऊन ती भावजींना म्हणाली, "घरी नाही. उद्या दुकानात या. नुसतं धुणं. इस्त्रीला हात लावायचा नाही."

"किती दिवस?"

"मला ठाऊक नाही. मला काहीच ठाऊक नाही. पण या."

सोमवारी आम्ही पोचलो तर ते आधीच शटरपाशी उभे होते. दुपारी ताईने त्यांनी धुतलेली एक चादर नाकाशी नेली. "साबण राहिलाय. पुन्हा खळबळा." भावजींनी चादर पुन्हा पाण्यात बुडवली.

"माझं चुकत तर नाही ना गं?" तिने मला कानात विचारलं.

चहा आला तेव्हा तिने भावजींसाठी तिसरा कप पुढे ओढला.