दिव्यहस्तांचा डावा हात

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. शिरलीच असती तर तिलाही दारातल्या कमानीखालून जावं लागलं असतं. धातू ओळखणारी ही कमान 'दिव्यहस्त' नावाने ओळखल्या जाणाऱ्या गृहस्थांनी खास मागवली होती. बड्या लोकांच्या दारात अशी कमान असते, एवढाच तिचा उपयोग. येणाऱ्या प्रत्येकाच्या किल्ल्यांवर आणि पट्ट्यांवर ती ठणाणा करत होती, आणि कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

व्यासपीठावर दिव्यहस्त सायीच्या रंगाची शाल पांघरून बसले होते. उजवा हात हवेत, डावा शालीत.

"डावा हात देहाचा, उजवा विश्वाचा!" ते गरजले. "लोक विचारतात, तुम्ही विज्ञानाच्या विरोधात आहात का? मुळीच नाही. विज्ञान माझ्या मागे आहे. फार मागे आहे, इतकंच!"

हशा पिकला. मग मागच्या दाराने दोघांनी धरून एका फरशीवाल्याला आणलं. उजवा पाय जमिनीला टेकवता येत नव्हता. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"कोणी डॉक्टर असाल तर या, तपासा!"

एक दंतवैद्य वर चढले. त्यांनी नाडी बघितली, पापणी ओढून डोळा बघितला आणि माइक हातात घेतला. "नाटक नाही हे. या माणसाला खरंच दुखतंय."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. या खेळाची सगळी ताकद तिथेच होती.

शर्ट वर केला गेला. "हे बघा व्रण! कापलं, शिवलं, घरी पाठवलं. दुखणं होतं तिथेच!" दिव्यहस्तांनी उजवा तळवा त्याच्या कमरेवर ठेवला आणि डोळे मिटले. थोडा वेळ काहीच घडलं नाही. मग फरशीवाला चमकला. "झिणझिण्या... पायात झिणझिण्या येतायत!" त्याचा चेहरा हळूहळू सैल पडला. पाय टेकला. तो चालला, वळला आणि चक्क नाचला. माणसं खुर्च्यांवर उभी राहिली.

तिसऱ्या रांगेत एक बसचालक रडत होता. त्याच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलं होतं. सरकलेली चकती जागेवर बसली, पण डाव्या पायाची नस शांत होईना. पायावर कोणी उकळता चहा ओतत राहावं तसं दुखायचं. त्या पायाने क्लच दाबणं लांबच, चादरसुद्धा सहन होत नव्हती. येत्या गुरुवारी त्याच्या पाठीत विजेची बारीक तार घालून बघायची होती. अनेक महिने वाट बघून ती तारीख मिळाली होती.

घरी परतताना टॅक्सीत तो बायकोला म्हणाला, "गुरुवारचं रद्द करून टाक."

"अहो, गेली तारीख तर पुढचं वर्ष उजाडेल!"

"पाठीत वायर घालणार म्हणे. मी काय मिक्सर आहे? दिव्यहस्तांचा माणूस म्हणाला, आधी गोळ्या बंद करा, मग हात ठेवू. गोळ्या घेणाऱ्याला ऊर्जा लागू पडत नाही."

"त्या गोळ्या एकदम सोडायच्या नाहीत असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय."

"त्यांना काय, दुकान चालवायचंय!"

बायको लॉन्ड्रीत काउंटर सांभाळायची. तावातावाने बोलणाऱ्या माणसाला आधी बोलू द्यायचं, ही तिची रोजची सवय. तो दमला तेव्हा तिने विचारलं, "तो फरशीवाला कमानीखालून का नाही आला?"

"अगं, दुखत होतं त्याला!"

"जाताना तर नाचत होता. तरी मागच्याच दाराने गेला. आणि त्याचे व्रण बघितलेत? तुमच्या पाठीला रोज मलम मी चोळते. मणक्यावर एकच व्रण आहे. त्याला खाली, कुल्ल्याच्या वर, आणखी एक होता. त्याच्याखाली काडेपेटीएवढं फुगलं होतं."

"गळू असेल."

"चौकोनी?"

बसचालकाने टॅक्सीवाल्याला घराकडचं वळण दाखवलं.

दुसऱ्या दिवशी बायकोने दवाखाना गाठला. टेबलावर तोच नमुना पडला होता जो डॉक्टरीणबाईंनी दोघांना आधी दाखवला होता: एक चपटी पेटी आणि तिला जोडलेली लांब तार. तार मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर ठेवायची, पेटी कमरेखाली त्वचेच्या आत. पायाकडून दुखण्याचा निरोप मेंदूकडे निघतो, त्याला वाटेतच सौम्य विजेने थोपवायचं. "कोपर आपटलं की आपण चोळतो ना, काहीसं तसं," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. "नेमकं कसं घडतं, ते सगळं अजून आम्हालाही उलगडलेलं नाही." आणि पेटी बसवलेल्या माणसाने धातूच्या कमानी टाळाव्यात, अचानक झटका बसू शकतो, हेही सांगितलं होतं.

फरशीवाल्याची हकिगत ऐकून त्या म्हणाल्या, "हे बघा, नुसत्या संशयावरून कोणाच्या आजाराबद्दल मी चारचौघांत तोंड उघडणार नाही. पण तुमचे यजमान गोळ्या एकदम सोडणार असतील तर मला यावंच लागेल. आज संध्याकाळी आहे ना खेळ?"

संध्याकाळी पुन्हा तीच गर्दी, तीच शाल, तेच मागे पडलेलं विज्ञान. खुर्चीत तोच फरशीवाला विव्हळत होता; 'दुखणं जुनं आहे, रोज हात ठेवावा लागतो,' असं दिव्यहस्तांनी आधीच सांगून टाकलं होतं. बसचालक पहिल्या रांगेत होता. आज सगळ्यांसमोर गोळ्या सोडून हात ठेवून घ्यायची त्याची पाळी होती. "कोणी डॉक्टर असाल तर या!" म्हणताच दंतवैद्य सवयीने उठले, पण डॉक्टरीणबाई त्यांच्या आधी वर पोचल्या. त्यांनी नाडी बघितली नाही. खुर्चीजवळ उकिडव्या बसून त्यांनी हळूच विचारलं, "दादा, खूप दुखतंय?"

"जीव जातोय, बाई."

"कशाला सोसता मग? तुमच्याकडे काही उपाय आहे का?"

फरशीवाल्याने शालीकडे बघितलं.

दिव्यहस्तांचा आवाज चढला. "बाई, ऊर्जेत अडथळा आणू नका!"

"मी कशाला आणू? तुम्ही खुशाल बरं करा यांना. फक्त डावा हातही वर घ्या. विश्वाचं काम उजव्यानेच होतं ना?"

मागून कोणीतरी ओरडलं, "घ्या की वर! काय बिघडतंय?" टाळ्या पडायला लागल्या. दिव्यहस्तांचा डावा हात शालीतून बाहेर आला. रिकामा. त्यांनी उजवा तळवा फरशीवाल्याच्या कमरेवर ठेवला आणि डोळे मिटले. काही झालं नाही. तळवा दाबला. फरशीवाला कण्हला.

"या बाईंच्या अश्रद्धेची लाट मला जाणवते आहे..."

"अहो, लाट राहू द्या, बटण दाबा!" फरशीवाला किंचाळला.

पाय ओढत तो उठला, दिव्यहस्तांच्या मांडीवरून त्याने शाल खेचली आणि तिच्याखालचा छोट्या मोबाइलएवढा रिमोट उचलला. पेटीच्या दिशेने धरून बटण दाबलं. कालच्यासारखाच चमकला, कालच्यासारखाच चेहरा सैल पडला. या वेळी मात्र त्याच्या अंगावर कोणाचाच हात नव्हता.

"दुसऱ्या शहरात बसवून घेतलं मी हे," तो खाली मान घालून म्हणाला. "चांगलं चालतं. खेळ असला की सकाळपासून बंद ठेवायला लावतात. रिमोट यांच्याकडेच असतो."

बसचालक उभा राहिला. "म्हणजे तुझं दुखणं यांच्या शालीत? दिलंस कसं रे तू?"

"फरशी बसवायला गुडघ्यावर बसावं लागतं. ते जमेना, काम गेलं. इथे लोक टाळ्या वाजवायचे."

सगळ्यात जास्त संतापले ते दंतवैद्य. "माझ्याकडून रोज वदवून घेतलंत!" असं ओरडत ते दिव्यहस्तांच्या मागे धावले, पण शाल तिथेच टाकून दिव्यहस्त पसार झाले होते. डॉक्टरीणबाईंनी रिमोट फरशीवाल्याच्या खिशात ठेवला आणि बजावलं, "हा आता कोणालाही द्यायचा नाही." पोलिसांत तक्रार त्यानेच नोंदवली.

बसचालकाने गोळ्या सोडल्या नाहीत. गुरुवारी त्याच्या पाठीत तार गेली. आधी चाचणी म्हणून पेटी अंगाबाहेरच, कमरेच्या पट्ट्याला.

"सगळ्यांना गुण येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला नाही आला तर तार काढून टाकू."

"दिव्यहस्त कधी 'नाही आला तर' म्हणाले नव्हते," बसचालक म्हणाला.

"तिथेच ओळखायचं."

आठवडा संपत आला तेव्हा बायकोने विचारलं, "अहो, जळजळ गेली का?"

"गेली नाही गं. शेजारच्या खोलीत गेलीय. मधलं दार कोणीतरी लोटून घेतलंय." त्या रात्री तो पायावर चादर घेऊन झोपला. पेटी कायमची बसवायचं ठरलं.

बातमी पसरली तशी शेजारच्या काकू आल्या. पेटीकडे बघून त्यांनी हात जोडले. "चमत्कारच म्हणायचा हा! जरा हात लावू का रे? माझाही गुडघा फार धरतो."

"काकू, हात जोडू नका, बॅटरी आहे ती," बसचालक म्हणाला. "हे चालतं कारण कोणीतरी करून बघितलं, चुकलं, मोजलं, पुन्हा करून बघितलं. तुमच्या गुडघ्याला कदाचित वेगळंच काही लागेल. डॉक्टरकडे जा आणि विचारा: हे कशाने होतं, किती जणांना गुण आला, कोणाला आला नाही. मी विचारलं नव्हतं, म्हणून सांगतो. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या दारातून उठून या."

काकूंनी विचार केला. "आणि डॉक्टरच चिडला तर?"

"तर तिथूनही उठा."