आईच्या घागरीची खापरं

डेल्फिनाने विजेची भट्टी घेतली, तेव्हापासून तिची थोरली नणंद रोसेंडा येता-जाता त्या भट्टीवर मुद्दाम हात शेकायची. "काय गं, घागरी भाजतेस की पाव?"

डेल्फिना हसून सोडून द्यायची. रोसेंडासारखी घागर सगळ्या अकोमा गावात कुणाची होत नव्हती. पण यंदा शेणींच्या जाळात तिच्या दोन घागरी लागोपाठ तडकल्या. घागर तडकू नये म्हणून मातीत जुन्या खापरांचं पीठ मिसळावं लागतं. घरातली खापरं संपत आली, म्हणून बाई हात आखडून घालत होती. तिसरी घागर नातीच्या नव्या घरासाठी होती.

"हीसुद्धा गेली, तर घोटायचा दगड देऊन टाकते आणि टीव्हीसमोर बसते," असं रोसेंडाने जाहीर केलं.

 टीव्हीसमोरच्या वन्सं डेल्फिनाच्या डोळ्यांपुढे येईनात. तिने आपल्याच भट्टीत फुटलेली भांडी घेतली, पाट्यावर बारीक वाटली आणि पिशवी नेऊन दिली.

"तुमच्या आईच्या घागरीची खापरं, वन्सं. जुन्या घरामागे सापडली. वाटूनच आणली."

रोसेंडाने चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं, दाताखाली कुरकुरवलं.

"आईचीच," ती म्हणाली, आणि सगळी पिशवी मातीत रिकामी केली.

घागर घडली, घोटली, रंगवून झाली. वारा पडलेला पाहून एका सकाळी शेणी रचल्या. जाळ विझून राख निवेपर्यंत दोघी एकमेकींकडे न बघता बसल्या. मग रोसेंडाने काठीने राख सारली. घागर अख्खी होती. टिचकी मारली तर घंटेसारखी वाजली.

आता डेल्फिनाला राहवेना. "वन्सं, रागावणार नसाल तर सांगते. ती खापरं..."

"विजेची होती. ठाऊक आहे."

"ते कसं?"

"आईने जन्मात एक खापर वाया घालवलं नाही. घरामागे टाकील होय?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलले असते तर परत करावी लागली असती."

घागर कडेवर घेऊन रोसेंडा निघाली. डेल्फिनाच्या भट्टीपाशी थांबून तिने सवयीने हात शेकले.

"पाव करपला तर टाकू नकोस हं," ती म्हणाली. "आईचा म्हणून आणून दे."