चिंचेने घासलेली पदकं

अरे थांबा, जेवण नंतर, आधी माझं ऐका. आई मंगळवारी पुण्याला परत गेली, म्हणून आता सांगतो. आमच्या शेजारचा केव्ह माहितीये ना? कुंपणापलीकडचा, एकोणऐंशी वर्षांचा, बारा महिने जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून फिरणारा? तोच.

तर जानेवारीत बाबा गेले. मला फ्लाइट मिळेपर्यंत सगळं उरकलेलं, मी पोचलो ते थेट राख सावडायला. रडलो नाही. आईपण नाही. मग तिला इकडे न्यूझीलंडला, पामर्स्टनला घेऊन आलो, तर ती घासायला लागली. म्हणजे खरंच. ओव्हन, नळ, दाराच्या कड्या. श्रिया, हसू नकोस, तुझ्या सायकलची घंटासुद्धा. मी कामावरून यायचो, ती घासत असायची. मी पण बसायचो बघत. काही वाटायचं नाही.

आणि कुंपणावरून केव्हला डबे. "केव्हभाऊ, थालीपीठ. नॉट स्पायसी." ते असायचं हीप्स स्पायसी, नुसता जाळ. तो घाम पुसत खायचा आणि डबा फिजोआंनी, त्याच्या झाडाच्या त्या हिरव्या फळांनी, भरून परत द्यायचा. आई खूश. "रिकामा डबा देत नाही हो, वळण आहे माणसाला."

एप्रिलमध्ये डबा उघडला तर फिजोआ नाहीत. तंबाखूचा जुना पत्र्याचा डबा, आणि त्यात पदकं. काळीकुट्ट, फिती विटलेल्या. केव्ह कुंपणापाशीच उभा. म्हणाला, "व्हॅसन्टीला," म्हणजे आईला, "शिवता येतं ना? एका पट्टीवर शिवून देईल? अँझॅक डेला घालीन म्हणतो." म्हणजे पंचवीस एप्रिलला, युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या दिवशी.

"तुझी आहेत?"

"छे. डॅडची."

आणि मग मी काही न विचारता सगळं सांगितलं त्याने. त्याचे वडील ॲल्फ, ऑस्ट्रेलियातले. पंधराव्या वर्षी अठराचा आहे म्हणून सांगून पहिल्या महायुद्धात गेले. परत आले. दुसरं सुरू झालं तेव्हा चाळिशी गाठलेली, तर केसांना बूट पॉलिश फासून, पस्तिशीचा आहे म्हणून परत गेले. आधी वय वाढवून, मग कमी करून. कळतंय ना? मग व्हिएतनाम आलं. ऑस्ट्रेलियात वीस वर्षांच्या पोरांच्या जन्मतारखांची सोडत निघायची, आपली तारीख आली की लष्करात. केव्ह विसाचा होत होता. ॲल्फने काय केलं, त्याचं नाव नोंदवायच्या आधीच त्याला न्यूझीलंडच्या विमानात बसवलं. तेव्हा पासपोर्टही लागायचा नाही. इथून फक्त मर्जीने जाणारे जात होते.

"निघताना वडील काही बोलले?" मी विचारलं.

"सँडविच दिलं."

पाच वर्षांनी ॲल्फ वारले. केव्ह तिकडे उतरला असता तर पकडलाच असता, म्हणून अंत्यविधीला गेलाच नाही. नंतर हा डबा पोस्टाने आला. इतकी वर्षं कपाटात. दर अँझॅक डेला त्याच्याच वयाचे लोक व्हिएतनामची पदकं लावून उभे असतात, त्यातलं कोणी विचारलं, तू कुठे होतास, तर? एवढंच. त्या एका प्रश्नासाठी तो साठ वर्षं गावातल्या स्क्वेअरमध्ये, त्या कार्यक्रमाला, गेला नाही. आता डॉक्टरांनी त्याच्या हृदयाचं काहीतरी सांगितलंय, म्हणून एकदा तरी.

मी आईला नीट सांगितलं, फक्त शिवायचंय. आईने पदकं बघितली. संध्याकाळी घरी आलो तर सिंकमध्ये चिंचेचा कोळ, मीठ, आणि पदकं देवघरातल्या समईसारखी लखलखीत.

आईने स्वतः नेऊन दिली. "चकाचक!"

केव्हने पट्टीवरचं एकेक पदक उलटून बघितलं. मग म्हणाला, "त्याने कधीच पुसली नाहीत. एकदाही नाही."

मी आईला म्हटलं, "छान झालीत म्हणतोय."

"खोटं बोलू नकोस. तोंड बघ त्याचं."

मग खरं सांगितलं. आई पायरीवर बसली. म्हणाली, "बापाची बोटं होती रे त्याच्यावर. मला कळायला हवं होतं. ह्यांचा चष्मा मी अजून पुसलेला नाही." तो चष्मा तिच्या पर्समध्ये होता, इतके महिने. मला माहीतच नव्हतं. आणि मला तेव्हापण काही वाटलं नाही, शप्पथ. वाटलं, बरं, चष्मा आहे.

केव्ह म्हणाला, जात नाही आता. एवढी चमकली तर लोक बघणार, बघितलं की विचारणार.

आई उठली. "त्याला सांग, चूक माझी आहे, मी शेजारी उभी राहते. कोणी बघितलं तर म्हणावं ह्या बाईने घासली."

मी सांगितलं. त्याने आईकडे बघितलं, मग डब्याकडे. "नऊला निघू," म्हणाला.

पंचवीस तारखेला आम्ही तिघं स्क्वेअरमध्ये. वारा नेहमीसारखा. आईने पट्टी त्याच्या कोटाला डावीकडे लावली, त्याने काढून उजवीकडे घेतली. "डावीकडे स्वतःची. ही बापाची." आई साडी नेसलेली, वर माझं पफर जॅकेट, बाजूला चिकटून. बिगुल झाला, सगळे गप्प. एक म्हातारा आमच्याकडे वळला, डावी छाती पदकांनी भरलेली. केव्ह ताठ झाला. म्हातारा म्हणाला, "किया ओरा," म्हणजे नमस्कार, "जरा सरकता का? व्हीलचेअर येतेय."

सरकलो. बस. नंतर लोकांनी चहा घेतला, बिस्किटं खाल्ली, गेले. कोणी विचारलं नाही. कोणीच.

गाडीत केव्ह म्हणाला, "मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं."

"काय होतं?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "आता आठवत नाही."

घरी आल्यावर त्याने पट्टी पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि मला म्हणाला, "विचार ना तिला, परत काळी पडायला किती दिवस?"

आईने डब्यात डोकावून बघितलं. अगदी गंभीरपणे. "हात लावला नाही तर दिवाळीपर्यंत पडतील."

"दिवाळी कधी?"

"ऑक्टोबर, नोव्हेंबर," मी म्हटलं.

त्याने बोटावर महिने मोजले. "स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे चालेल, आणि झाकण लावलं.