तेलगावच्या पांढऱ्या गाडीतला फाटका बुश

मी एक जुना रबरी बुश आहे. मित्रांनो, माझे नाव तुम्ही ऐकले नसेल, आणि माझा पहिला राग त्याचाच आहे. मोटारीचे हॉर्न आणि दिवे सगळ्यांना ठाऊक असतात. पुढचे चाक ज्या लोखंडी आर्मने गाडीला जोडलेले असते, त्या आर्मच्या भोकात मी बसतो. खड्ड्याचा दणका आधी मी खातो, उरलेला गाडीत जातो.

कारखान्यात लोखंडी नळीभोवती रबर बसवून मला घडवले. मग मी एका छोट्या पांढऱ्या गाडीत आलो. ती तेलगावच्या बंकटने घेतली. त्याचे बी-बियाण्यांचे दुकान होते. पोटातले पाणी हलत नाही, असे तो गाडीचे कौतुक सांगायचा. मला मात्र त्याने कधी वाकून पाहिले नाही.

बाराव्या वर्षी मी फाटलो. ब्रेक दाबला की खट्ट आवाज व्हायचा आणि गाडी डावीकडे ओढायची. बंकटची आई छबुबाई हिला मणक्याचे दुखणे होते. दर आठवड्याला ती याच गाडीतून बीडच्या दवाखान्यात जायची. प्रत्येक दणका तिच्या पाठीत घुसायचा. ती पदर तोंडात धरून बसायची. तिने सांगितले, तर बंकट म्हणाला, रस्ताच खराब आहे. गॅरेजवाल्या दिलावरने गाडी उचलून त्याला माझी चीर दाखवली आणि दोन्ही बाजूंचे बुश बदलायला सांगितले. अर्ध्या दिवसाचे काम होते. बंकटने मान हलवली, आणि आठवड्याने गाडीत मोठे स्पीकर बसवून घेतले. माझा आवाज त्याला ऐकायचाच नव्हता. तो संताप अजून माझ्या रबरात आहे.

मग एकदा सिरसाळ्याच्या रस्त्यावर म्हैस आडवी आली. बंकटने करकचून ब्रेक दाबला. मला चाक धरवेना. गाडी डावीकडे ओढली जाऊन रस्त्याकडेच्या चारीत घुसली आणि छबुबाईचे मनगट मोडले. बंकटने दोष म्हशीला दिला आणि गाडी विकायला काढली.

घेणार होत्या सिरसाळ्याच्या शाळेतल्या प्रियदर्शनी बाई. रोज लहान लेकीला घेऊन त्या याच गाडीने शाळेत जाणार होत्या. बंकट दिलावरकडे गेला. दोन दिवस आवाज दबेल असे काहीतरी कर, म्हणाला.

दिलावर म्हणाला, "दुरुस्त कर म्हणा, आत्ता करतो. झाकायचं काम मी करत न्हाई."

बंकट तणतणत घरी आला आणि त्याने स्वतःच माझ्या चिरेत ग्रीस कोंबले.

बाई आल्या. गाडी ठणठणीत असल्याचे बंकट सांगू लागला. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून छबुबाई ओसरीवर बसली होती. ती उठून बाईंसमोर आली.

"बाई, पुढच्या चाकात खोट हाय. माझा हात त्यानंच मोडला. दुरुस्त केल्याबिगर लेकराला बसवू नका."

बंकटने तिला आत जायला सांगितले.

"न्हाई जात," ती म्हणाली. "वर्षभर तुला सांगत होते. तू गाणी लावलीस."

बाई बंकटला शांतपणे म्हणाल्या, माझ्यासमोर दुरुस्त करा, तरच घेईन.

त्याच दुपारी दिलावरने प्रेसखाली दाबून मला बाहेर काढले. दोन्ही बाजूंना नवे बुश बसवले. गाडी चाकांवर टेकवली आणि मगच शेवटचा बोल्ट आवळला, नाहीतर नवे रबर पिळून लवकर फाटते, असे त्याने बाईंना समजावले. बाईंनी छबुबाईला शेजारी बसवून एक फेरी मारली. ब्रेक दाबला. काहीच वाजले नाही. छबुबाईच्या डोळ्यांत पाणी आले. इतके सोपे होते ते.

आता मी दिलावरच्या भंगारात पडलो आहे. मित्रांनो, मी रबर आहे, कधीतरी फाटणारच. फाटलो की मला काढून फेका, त्याचा मला राग नाही. पण वेळेवर फेका. छबुबाईचे मनगट वाकडेच जुळले. त्या हाताने तिला आता भाकरी थापता येत नाही, आणि तो हात बदलून देणारे गॅरेज कुठेही नाही.