सिंहाचं मागचं अंग

सणाला नाचणाऱ्या आमच्या गावच्या सिंहात दोन माणसं असत. पुढं लाकडी तोंड धरणारा हांगाई आणि मागं चादरीखाली कमरेत वाकलेला इगारी. सिंह एकच, पण टाळ्या तोंडाला पडायच्या आणि पाठदुखी मागच्याला व्हायची. मी बासरी वाजवायचो, म्हणजे उभा असायचो, त्यामुळे मला दोघांचंही नीट दिसायचं.

इगारी तोकुजी ताताम्या, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या गवती चटया, विणायचा. तो घरजावई होता. आडनाव बायकोचं, घर बायकोचं आणि देवघरातला फोटोही बायकोच्या आईचा. घरात मागं, सिंहातही मागं. याबद्दल त्यानं कधी तक्रार केली नाही. फक्त त्याच्याशी कोणत्याही विषयावर बोलायला लागलं की तिसऱ्या वाक्याला हांगाई यायचा.

"मास्तर," तो मला म्हणायचा, "हांगाईला तोंड का दिलं, माहीत आहे? उंच आहे म्हणून. ताडाचं झाडही उंच असतं. त्याला कुणी नाचवतं का?"

खरं दुखणं उंचीचं नव्हतं. आमच्याकडे नाच झाला की सिंह लोकांची डोकी चावतो. लाकडी दात टाळूवर हलकेच टेकवायचे, म्हणजे वर्षभर आजार फिरकत नाही. पोरं, म्हातारे, नवी सून, सगळे ओळीनं डोकं पुढं करतात. त्या ओळीत तोकुजीची बायको फुसाए दरवर्षी असायची. हांगाई चावायचा, ती हसायची, आणि वाकलेल्या तोकुजीला चादरीखालून फक्त तिची चप्पल दिसायची.

"तीस वर्षं," तो म्हणायचा, "माझ्या बायकोचं डोकं दुसरा माणूस चावतोय, आणि मी त्याची कंबर धरून उभा."

मग त्या मार्चात जमीन हलली, समुद्र आत आला आणि किनाऱ्यावरच्या अणुवीजकेंद्राचं छप्पर आभाळात गेलं. लाउडस्पीकरवरून सांगितलं, काही दिवसांसाठी निघा. आम्ही चहाचे कप तसेच टेबलावर ठेवून निघालो. ते कप अजून तिथंच आहेत. हांगाई मुलीकडे ओसाकाला गेला. आम्ही उरलेले डोंगरापलीकडच्या एका मैदानावर, पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत आलो. माझी आणि इगारीची भिंत एकच. ती इतकी पातळ, की तोकुजी शिंकला तर फुसाएच्या आधी मीच "जपा" म्हणायचो.

उन्हाळ्यात ठरलं की सण इथंच, गाड्या लावायच्या जागेत करायचा. फक्त सिंह नव्हता. तोंड गावात, हांगाईच्या दिवाणखान्याच्या कोनाड्यात राहिलं होतं. मान तोंड धरणाऱ्याचा, म्हणून तोंडाचा मुक्कामही त्याच्याच घरी.

तेवढ्यात घर पाहायला जायची परवानगी आली. दर घरातून एक माणूस, पांढरा कागदी पोशाख, दोन तास, आणि सामानाला एकच प्लास्टिकची पिशवी. इगारींकडून तोकुजी निघाला.

"अहो, दुसरं काही नको," भिंतीपलीकडून फुसाएचा आवाज आला. "आईचा फोटो तेवढा आणा. बिचारी एकटी बसलीय तिथं."

"आणतो की."

"चौकटीसकट."

"आणतो म्हटलं ना!"

संध्याकाळी बस आली. तोकुजी उतरला तो पोटाशी पिशवी धरून, नवजात बाळ आणावं तसा. पिशवीतून दोन सोनेरी डोळे बाहेर बघत होते. हांगाईच्या घराचं दार भूकंपानं निखळून पडलं होतं, म्हणून तो आत गेला होता. पिशवी बरोबर तोंडाएवढीच होती. किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मीटरवाल्या पोरीनं सिंहाच्या कानांपासून दातांपर्यंत सगळं तपासलं आणि ठीक आहे म्हणून सोडलं.

"आणि आई?" फुसाएनं विचारलं.

"बसल्या नाहीत."

त्यानंतर भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही. आठवडाभर ऐकू आलं नाही. मला वाटलं, भिंत जाड झाली.

तोकुजीला त्याचं काही नव्हतं. तो सकाळ-संध्याकाळ गाड्यांच्या जागेत तोंड डोक्यावर घेऊन नाचायचा. मी बासरी वाजवायचो. नाच बरा होता. खरं सांगायचं तर फार चांगला होता, पण तसं सांगितलं तर तो हांगाईचं नाव काढेल म्हणून मी बासरीच वाजवत राहिलो.

"यंदा बघा, मास्तर. यंदा ती ओळीत उभी राहील, आणि समोर मी असेन."

"ती बोलतेय का तुझ्याशी?"

"चावायला बोलावं लागत नाही."

सणाच्या सकाळी हांगाई आला. ओसाकाहून रात्रभर बसचा प्रवास करून, बगलेत कापडात बांधलेलं काहीतरी घेऊन. लोकांनी त्याला असं घेरलं की सिंह बाजूलाच राहिला. तोकुजी तोंड छातीशी धरून उभा होता. कुणी मागायच्या आत नाही म्हणायची तयारी चेहऱ्यावर स्पष्ट.

"तोकु," हांगाई म्हणाला, "माझ्या घरात चोरी झाली म्हणे."

"सिंह गावाचा आहे. तुझा नाही."

"मग मी कुठं माझा म्हटलं? मागं कोण आहे तुझ्या?"

मागं कुणीच नव्हतं. पुढं जायच्या घाईत तोकुजीनं ही गोष्ट लक्षातच घेतली नव्हती. त्याच्या हिशेबी सिंहाला मागचं अंग आपोआप असतं. तीस वर्षं होतंच की.

हांगाईनं बगलेतलं बोचकं माझ्याकडे दिलं, टकलावर टॉवेल बांधला आणि चादरीखाली वाकला.

नाच झाला. तोंड उसळलं, झोपलं, जागं झालं, पिसवा शोधू लागलं. म्हाताऱ्या रडल्या. मग मी सूर बदलला, म्हणजे डोकी चावायची वेळ झाली. सिंह जबडा उघडून लोकांसमोर गेला.

आणि लोक मागं सरले.

एका आईनं पोराच्या डोक्यावर चक्क हात ठेवला. "नको हं बाळा. तिकडून आलाय तो."

"मीटरनं तपासलाय!" लाकडाच्या आतून तोकुजी ओरडला.

"वीजकेंद्रही तपासलेलंच होतं," कुणीतरी म्हणालं. आजार टाळायला आलेल्या सिंहाचंच आजारासारखं भय वाटावं, हे आमच्या गावच्या नशिबाला शोभलं. जबडा तसाच उघडा राहिला.

चादर हलली. हांगाई मागून बाहेर आला, टॉवेल सोडला आणि आपलं चकचकीत टक्कल सरळ सिंहाच्या तोंडात घातलं.

"चाव रे तोकु. मला आजवर कुणी चावलंच नाही."

तोकुजी चावला. हलकेच टेकवणं वगैरे काही नाही. तीस वर्षांचा चावा होता तो. 'टक्क' असा आवाज लांबच्या घरांपर्यंत गेला. हांगाईच्या टकलावर दातांची लालबुंद ओळ उमटली.

"आई गं! अरे, जेवला नाहीस का?"

सगळे हसले. आधी म्हाताऱ्यांनी डोकी पुढं केली, नंतर त्या आईनं पोराच्या डोक्यावरचा हात काढला. ओळ लागली. लोक चावून घेत होते आणि हांगाईची पाठ थोपटत होते. "काय धीर आहे हो तुमचा, हांगाईसाहेब!" लाकडाच्या आत तोकुजी काय म्हणाला, ते मी इथं लिहीत नाही.

शेवटी फुसाए आली. सिंहासमोर ताठ उभी राहिली. डोकं तसूभरही वाकलं नाही.

"आधी आई आणा," ती म्हणाली. "मग चावा."

जबडा मिटला.

"मास्तर," हांगाई मला म्हणाला, "ते बोचकं द्या."

कापडात चौकटीसकट फुसाएची आई होती.

"चार दिवसांपूर्वी घर पाहायची माझी पाळी होती," हांगाई खाली बघत म्हणाला. "गेलो, तर कोनाडा रिकामा. पिशवीही रिकामी. परत निघालो तर तुमचं दार उघडं दिसलं. आत आई एकट्याच बसल्या होत्या. बघवलं नाही."

फुसाएनं फोटो दोन्ही हातांनी घेतला, पदरानं पुसावा तसा बाहीनं पुसला, आणि खोल वाकली. समोर सिंह होता. सिंहाच्या शेजारी, हाताभरावर, हांगाई होता. तोकुजीनं संधी साधून दात टेकवले. इतके अलगद, की केसही हलला नाही.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडून पुन्हा बोलणं ऐकू येतं. आई कपाटावर बसून सगळं ऐकतात. तोकुजी मात्र रोज चहाच्या वेळी माझ्याकडे येतो.

"मास्तर, तुम्ही उभे होता. तुम्हाला नीट दिसलं असेल. ती वाकली ती माझ्यापुढं, की त्याच्यापुढं?"

मी म्हणतो, सिंहापुढं.

"हो, पण सिंहाच्या कुठल्या अंगापुढं?"

आणि भिंतीपलीकडून फुसाए म्हणते, "चहा प्या गपचूप."