पाडव्याला धरलेलं नेट

अट १.

शिनोलीच्या सोपाननानांनी गुढीपाडव्याला इंटरनेट सालानं धरलं.

गडी धरतात तसंच. पाडव्याला नारळ फोडायचा, टॉवेल-टोपी द्यायची, आणि त्या दिवशी जे ठरलं ते पुढच्या पाडव्यापर्यंत. मधे मालकानं हात आखडायचा नाही, गड्यानं तोंड वाढवायचं नाही. जो मधेच फिरला, त्यानं साल मोडलं. साल मोडलेल्या माणसाला मग आसपासच्या गावांत कुणी चहासुद्धा विचारत नाही.

झरझर फायबरचा नवनाथ नेमका त्याच सकाळी वायरचं भेंडोळं खांद्यावर घेऊन घोडेगावहून आला. त्याच्या हातातल्या चकचकीत कागदावर एक बाई लॅपटॉपकडे बघून हसत होती. खाली लिहिलं होतं : वर्षभर एकच दर! महिना ४९९. उद्गारचिन्हाशेजारी मोहरीएवढी चांदणी होती. ती कुणाच्या नजरेत भरावी म्हणून काढलेली नव्हती, त्यामुळे तिनं आपलं काम चोख केलं.

"वर्षभर म्हंजे?" नानांनी विचारलं.

"वर्षभर म्हंजे वर्षभर, नाना. ह्या पाडव्यापून त्या पाडव्यापतुर."

"मदी काय कटकट?"

"मदी कायबी न्हाई."

नानांनी नारळ फोडला. नवनाथला टॉवेल-टोपी दिली. त्यानं टोपी घातली, टॉवेल गळ्यात अडकवला आणि हात जोडले. नानांच्या लेखी करार झाला. कंपनीच्या लेखी तो नवनाथच्या मोबाइलवर नानांचा अंगठा टेकवून आधीच झाला होता.

अट २. सेवेचा योग्य वापर करणे ही ग्राहकाची जबाबदारी राहील.

नानांनी केला. रोज सकाळी राउटरचे दिवे लागलेत का ते बघायचं, "उठला का गडी?" म्हणायचं, मग दात घासायचे. पोळ्याला त्याला कुंकू लावलं, पुरणपोळीचा तुकडा दाखवला आणि दिवसभर बंद ठेवला. बैल कामाला जुंपत नाहीत त्या दिवशी याला का जुंपायचं?

नानांची सून उज्ज्वला हिचा त्या दिवसाचा पगार कापला गेला.

कारण नेट तिच्यासाठी होतं. ती घरात बसून नोकरी करायची. तिचा नवरा भाजीचा पिकअप घेऊन आळेफाट्याला जातो, त्यात दोघांचं भागेना. एकतर चाकणला जाऊन दहा बाय दहाची खोली घ्यायची, नाहीतर हे. हे म्हणजे कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. आंबेगाव, जुन्नर, खेड, तिकडून मराठीत येणारे सगळे फोन तिच्याकडे आणि आणखी दोघींकडे.

तक्रारी कुठल्या कंपनीच्या?

झरझर फायबरच्या. आणि नोकरीची पहिली अट : घरी झरझर फायबरचंच कनेक्शन हवं. नेट गेलं की नोकरी गेली. नोकरी गेली की चाकण.

अट ७.

(अट ३ ते ६ मधल्या मधे रद्द केल्या आहेत. वाचकांना काहीही करण्याची गरज नाही.)

कार्तिकात, भाताची झोडणी चालू असताना, नानांच्या मोबाइलवर संदेश आला.

प्रिय ग्राहक, आपल्याला अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून आपला मासिक दर ४९९ ऐवजी ६४९ करण्यात येत आहे. आपल्याला काहीही करण्याची गरज नाही.

किती ही काळजी! कंपनी तुमच्या खिशात हात घालते आणि वर सांगते, तुम्ही उठू नका, आमचा हात पोहोचतोय.

त्याच सकाळी उज्ज्वलाच्या पडद्यावर दुसरा संदेश आला. त्यात काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, ते होतं. 'दरवाढ' म्हणायचं नाही, 'दर-सुधारणा' म्हणायचं. 'आमची चूक', 'आम्ही शब्द दिला होता', 'करार मोडला' असलं काही तोंडातून गेलं तर त्याच दिवशी काम बंद. सगळे कॉल ध्वनिमुद्रित होतात.

नाना भाताचा कोंडा अंगावर तसाच घेऊन स्टँडजवळच्या हॉटेलात गेले. नवनाथ तिथे मिसळ खात होता. टॉवेल गळ्यातच होता.

"नवनाथ, साल मोडलं व्हय रं तुमी?"

"नाना, माज्या हातात काय हाय? वरून आलंय."

"वरून पाऊस येतो. पैशे कोनीतरी मागतंय. कोन मागतंय?"

"कंपनी."

"तिला म्हनावं, पाडव्याला वाढवून माग. मी देतो का न्हाई बघ. आत्ता भात खळ्यावर हाय अन् गडी बांधावर बसून म्हनतोय, दीडशे वाढव मंग उठतो. ह्याला काय म्हंत्यात?"

"दर-सुधारणा," नवनाथ म्हणाला. त्यालाही संदेश आला होता.

"बरं, मंग काढून टाक तुजी वायर."

नवनाथनं पाव खाली ठेवला. "तसं करू नका. मधी बंद केलं तर उरलेल्या महिन्यांचं समदं भरावं लागतं तुमाला."

हॉटेलवाला कढईवरची मान वर करून बघू लागला.

"म्हंजे साल त्यांनी मोडायचं, अन् दंड म्या भरायचा?"

"चांदणी हाय ना तिथं, नाना. कागदावर. त्यात समदं लिवलंय."

"तू चांदणी दावली न्हाईस."

"तुमी इचारलं न्हाई."

हे मात्र खरं होतं. आयुष्यात एवढे गडी बघितले, स्वतः नारायणगावला बागायतदाराकडे सालानं राहिले, पण टोपी घालून हात जोडणाऱ्या माणसाला 'चांदणी कुठंय' असं नानांनी कधी विचारलं नव्हतं.

"पैशे देईन म्या," ते उठत म्हणाले. "सूनबाईचं काम हाय त्यावर. पन साल तुमी मोडलं, एवढं एक कुनीतरी तोंडानं म्हना."

"ते म्हनायला कस्टमर केअर हाय," नवनाथ म्हणाला.

आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मराठीसाठी दोन दाबा.

नानांनी ओट्यावर बसून दोन दाबला. बासरी वाजली. बऱ्याच वेळानं बासरी थांबली.

"नमस्कार, झरझर फायबरमध्ये आपलं स्वागत आहे. मी उज्ज्वला. आपली काय मदत करू?"

हे वाक्य नानांनी दोनदा ऐकलं. एकदा पाठीमागच्या खिडकीतून, आणि मग, जरासं मागाहून, फोनमधून. खिडकीतलं जास्त स्पष्ट होतं.

आत उज्ज्वलाच्या पडद्यावर ग्राहकाचं नाव आलं होतं. नाव, गाव, घर. कोपऱ्यात ध्वनिमुद्रणाचा लाल ठिपका लुकलुकत होता.

नाना घसा खाकरून म्हणाले, "बाई, मी शिनोलीवरून बोलतोय."

"बोला, सर."

सासऱ्याला ती 'मामा' म्हणायची. 'सर' त्यांना आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. नाना ओट्यावर जरा ताठ बसले.

"पाडव्याला साल ठरलं व्हतं. आता मधीच वाढवलं."

"सर, आपल्याला अधिक चांगली सेवा देता यावी म्हणून ही दर-सुधारणा आहे."

"चांगली म्हंजे? काल दुपारपून चारदा गेलं नेट."

ते तिला ठाऊक होतं. चारही वेळा तिनंच डोक्याला हात लावला होता. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे, सर."

"ते ऱ्हाऊ द्या. मला पैशे माघारी नगं. साल मोडलं, आमी मोडलं, एवढं म्हना बाई. म्या ठेवतो फोन."

लाल ठिपका लुकलुकत राहिला. उज्ज्वलानं खिडकीकडे बघितलं. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून नानांची पाठ दिसत होती, पाठीवर भाताचा कोंडा.

"सर, मी समजू शकते. परंतु करारातील अटीनुसार कंपनीला दर-सुधारणेचा अधिकार आहे."

"मी अटीचं न्हाई इचारलं."

"मी समजू शकते, सर."

इतक्यात सासूबाई, द्रौपदाबाई, भाकरीचं पीठ लागलेल्या हातानं मधल्या दारात आल्या. एकदा आत बघितलं, एकदा बाहेर.

"आगं बया! भिताडाच्या आडून फोन करत्यात! ह्येचं बी पैशे पडत्यात का? नुस्तं वरडा की!"

एकानं ओट्यावर मान खाली घातली, एकीनं आत.

"बरं बाई," नाना हळूच म्हणाले. "तुमचा बी नाइलाज असंल."

"आणखी काही मदत करू शकते का, सर?"

"न्हाई. लई केली."

कॉल संपला. फोन मात्र संपला नाही. यंत्रातली बाई म्हणाली, आमच्या प्रतिनिधीशी झालेल्या संवादाबद्दल आपण किती समाधानी आहात? अजिबात नसाल तर एक दाबा. अत्यंत समाधानी असाल तर पाच दाबा.

चारच्या खाली गेलं की वरून बोलावणं येतं, हे उज्ज्वलानं जेवताना सांगितलेलं नानांच्या लक्षात होतं. त्यांनी चष्मा लावला, बोट धोतराला पुसलं आणि पाच दाबला. नीट लागला की नाही म्हणून पुन्हा एकदा दाबला.

अट १ (सुधारित).

वर्षभर म्हणजे कंपनीला वाटेल तोपर्यंत. बाकी मजकूर पूर्वीप्रमाणेच.

अट ८. यशस्वी संवाद.

पुढच्या सोमवारी पुण्याच्या मॅडमनी ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं. सगळ्या जिल्ह्यातल्या मुली चौकोनाचौकोनात बसल्या. मॅडमनी एक कॉल ऐकवला. बासरी कापली होती, पण द्रौपदाबाईंचं 'आगं बया' राहिलं होतं.

"मागचा घरचा आवाज आपण टाळायला हवा," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "पण बाकी बघा! ग्राहक किती चिडलेला. 'साल' का काय ते, पुन्हा पुन्हा. आणि शेवटी? पाच! वेल डन, उज्ज्वला."

चौकोनांनी टाळ्या वाजवल्या.

मग मॅडमनी एक आलेख दाखवला. हिरवा खांब वर गेला होता. वर मथळा : दर-सुधारणेवर ग्राहक अत्यंत समाधानी. मॅडम म्हणाल्या की जुन्नर-आंबेगावात प्रतिसाद एवढा छान आहे, की पुढची सुधारणा थांबवून ठेवणं ग्राहकांवरच अन्याय होईल. ती पाडव्याच्या आधीच करू.

उज्ज्वला त्या हिरव्या खांबाकडे बघत होती. त्यात नानांचं बोट होतं. तिच्यासाठी दाबलेलं, दोनदा.

"उज्ज्वला, सगळ्यांना सांग ना. काय केलंस नक्की?"

लाल ठिपका इथेही होता. प्रशिक्षणही ध्वनिमुद्रित होतं. तिनं हेडफोन नीट केला.

"मॅडम, ग्राहकाचं बरोबर होतं. वर्षभराचा शब्द आपण दिला होता. साल आपण मोडलं."

चौकोन स्तब्ध झाले. गेली नोकरी. आलं चाकण. मॅडमचं हसू आहे तिथे थिजलं होतं, वरचे दात दिसत होते.

मग दात हलले.

"...ज्वला? तुझा आवाज तुटतोय गं. 'मॅडम, ग्राहकाचं' एवढंच आलं. पुढे?"

"साल आपण मोडलं!" ती मोठ्यानं म्हणाली.

"काही ऐकू येत नाही. नुसती तोंड हलवतेयस. नेट कुठलं वापरतेस तू?"

"आपलंच, मॅडम."

"हे पण नाही आलं," मॅडम म्हणाल्या. "जाऊ दे, लाइनमन पाठवते. दुपारी परत जॉइन हो, तेव्हा सांग." आणि चौकोन विझले.

खिडकीबाहेर ओट्यावर नाना विळ्याला धार लावत होते. धार लावायचा आवाज थांबला होता.

अट ९.

तासाभरात नवनाथ आला. दरवाढीनंतर सेवा खरोखर सुधारली होती म्हणायची. एरवी तो तिसऱ्या दिवशी यायचा. शिडी लावून दारापुढच्या खांबावर चढला. ऊन लागू नये म्हणून टॉवेल डोक्याला गुंडाळला होता.

"नाना, आज घाई हाय बगा. पुन्याहून फोन आला. म्हनले, तुमच्या सूनबाईचा आवाज वर जात न्हाई, दुपारच्या मीटिंगआधी जोड."

"नगं जोडू," नाना खालून म्हणाले. "दुपार टळूस्तवर नगं. मीटिंग हुंद्या त्येंची."

उज्ज्वला दारात आली. "नवनाथभाऊ, नीट जोडा. मला एक वाक्य परत सांगायचंय."

"ऱ्हाऊ दे गं पोरी," नाना तिच्याकडे न बघता म्हणाले. "मला गेलं ऐकू. खिडकीतून सोच्छ आलं. झालं माजं काम."

"तुम्हाला नव्हते सांगत, मामा."

"काम जाईल तुजं."

"तुम्ही पाच दाबलात. त्याच्यावर ते पुढचं वाढवणार आहेत. पाडव्याच्या आधी. सगळ्यांचं."

नानांनी विळा खाली ठेवला. आपल्या बोटाकडे बघितलं. द्रौपदाबाई आतून म्हणाल्या, "चाकणला पाणी तरी येतं का रोज, ते इचारून ठेवा कुनीतरी."

वर नवनाथ खांबाला मिठी मारून, वायरचं एक टोक एका हातात आणि दुसरं टोक दातात धरून बसला होता. त्यानं दातातलं टोक काढलं.

"जोडू का नको, ते एकदा ठरवा राव. हात भरून आला माजा."

नाना उठले. खांबापाशी गेले आणि नवनाथ चढल्यापासून हलत असलेली शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"जोड," ते म्हणाले. "अन् खाली उतरलास का टॉवेल-टोपी माघारी दे."