कोरं जॅकेट

"काका, खरं सांगा, ही सातही जॅकेटं एकाच माणसाने घातलीत का हो?"

मालकीणबाईंनी टेबलावर चामड्याची सात जॅकेटं ओळीने पसरली होती. काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला.

"घालतंय कोण? कोरी आहेत. मीच तर घासली."

आता कोरं जॅकेट घासायचं कशाला, असं कुणीही विचारेल. पण हल्ली लोकांना चामडं नवं लागतं आणि ते दिसायला मात्र आजोबांच्या पेटीतलं लागतं. त्याला काका काय करणार! कोपरावर पॉलिश पेपर फिरवायचा, खिशाच्या तोंडाचा रंग उडवायचा, कॉलर चुरगाळायची. बावीस वर्षं हेच काम. कारखान्यात सगळे त्यांना घासूकाका म्हणत, आणि त्यांना त्याचा रागही नव्हता.

"नीट बघा," बाई म्हणाल्या. "खिसा झिजलाय तो डावा. कोपर जास्त उडालंय ते डावं. परवा दुकानात दोघा भावांनी एकेक घेतलं, त्यांच्या लगेच लक्षात आलं. अहो, बहुतेक माणसं उजव्या हाताची असतात. पूर्वी तुमचं असं व्हायचं नाही. ही गेल्या दोन वर्षांतलीच..."

आणि बाईंनी जीभ चावली.

काकांनी एकेक खिसा चाचपून पाहिला. बाई म्हणत होत्या ते खरं होतं. आपला हात कुठे चाललाय, हे त्यांना आजवर कळलंच नव्हतं.

"राहू दे काका, चालतंय तसं."

"छे, छे. चूक ती चूक. उजवीकडे घेतो."

'उजव्या हाताने घे!' हे वाक्य त्यांनी घरात किती वर्षं म्हटलं होतं! मुलगी डावखुरी. लिहायला बसली की ते तिचा डावा हात रुमालाने खुर्चीला बांधायचे. पोरगी रडत रडत उजव्या हाताने लिहायला शिकली. पण खिशात हात जायचा तो डावाच. त्या रुमालाची आठवण झाली की काकांना आजही स्वतःची लाज वाटे.

एकोणिसाव्या वर्षी ती याच टेबलापाशी जॅकेट निवडायला आली होती. पंधरा तरी घालून पाहिली असतील. हे खांद्यावरून उतरतंय, ते पोटाशी फुगतंय. शेवटी एक तपकिरी, एक माप मोठं उचललं. बाह्या एक घडी वर दुमडल्या, चेन अर्धीच ओढली, कॉलर उभी केली आणि आरशासमोर गिरकी घेतली.

"बाबा, आता झक्कास जुनं करून द्या. कोऱ्यात मी पाहुणी वाटते."

"लोकांची घासतो ती पोटासाठी. तुझं नाही घासणार. घाल दहा वर्षं, आपोआप होईल जुनं."

"दहा वर्षं? म्हातारी होईन की मी!"

तिने ते आठ महिने घातलं. मग आजारपण आलं, आणि दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून काका जॅकेट हातावर टाकून एकटेच परतले.

बाईंनी चूक दाखवली त्या दिवशी काकांनी आठवं जॅकेट घासलं. उजवा खिसा, उजवं कोपर. प्रत्येक वेळी थांबून बाजू बघावी लागली. बाईंनी ते दुकानात लावलं.

घरी आल्यावर काकांनी खुंटीवरचं तपकिरी जॅकेट काढून मांडीवर घेतलं. बायको लगबगीने बाहेर आली.

"घासू नका हो ते!"

"घासत नाही गं."

जॅकेट अजून कोरंच होतं. डाव्या खिशाची कड तेवढी जराशी मऊ झाली होती. काकांनी आपला डावा हात त्यात घातला. बोटं आत गेली, पंजा अडला. हात काढला, पुन्हा घातला.

"दिवसातून किती वेळा घालत असेल गं ती हात?"

बायको शेजारी बसली. "दहा वेळा तरी."

काकांनी पाच वेळा हात घातला, पाच वेळा काढला, आणि जॅकेट तिच्या मांडीवर ठेवलं. तिनेही उरलेल्या पाच वेळा हात घातला. मग बाह्या एक घडी दुमडून, कॉलर उभी करून तिने ते परत खुंटीला लावलं.